वॉशर

पठाणकोटहून माझी बदली चेन्नईच्या वर्कशॉपमध्ये झाली, तेव्हा मी लष्करात हवालदार होतो, व्हेईकल मेकॅनिक. आमच्याकडे मोटरसायकल डिस्प्ले टीमच्या गाड्या होत्या. एका गाडीवर सात जवानांचा मनोरा उभा राहायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. खाली इंजिनात काय चाललंय, याची फिकीर आम्हालाच.

मनोऱ्याची गाडी नाईक व्यंकटराव चालवायचा. तंजावरकडचं मराठी घराणं, राहायला चेन्नईतच, अड्यारला. त्याचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. माझं ऐकून तोही हसला, म्हणजे हिशेब फिटला.

वर्कशॉपचा एक रिवाज होता. ज्या मेकॅनिकने गाडी पास केली, त्याने पहिल्या फेरीला रायडरच्या मागे बसायचं. पास करताना हात आपोआप सावध होतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी व्यंकटराव गाडी ढकलत आला. इंजिन तापलं की ऑईल प्रेशरचा लाल दिवा लागत होता. सुभेदार साहेब म्हणाले, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाका आणि मोकळे व्हा. हा सगळ्या वर्कशॉपांचा लाडका इलाज. प्रेशर प्रमाणाबाहेर वाढलं की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल परत खाली सोडतो. वॉशर टाकला की स्प्रिंग कडक होते, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. पण प्रेशर मुळात का पडतंय, ते वॉशर सांगत नाही. मला या इलाजाची पहिल्यापासून चीड आहे.

व्यंकटराव हळूच म्हणाला, "उस्ताद, वॉशर टाकून दिवा विझंल. वर सहा माणसं असताना इंजिन विझलं तर काय करायचं की?"

इंजिन जाम झालं की मागचं चाक अडकतं. पुढचं सांगायची गरज नव्हती.

मी प्रेशर मोजायचा गेज लावला. तेल तापू दिलं, थ्रॉटल वाढवला. काटा वर चढेना. व्हॉल्व्ह काढला, तर तो टेकतो त्या बैठकीत धातूची एक चकाकती कपची अडकलेली. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडाच राहून तेल परत जात होतं. साफ करून बसवला. काटा हवा तिथे चढला, हवा तिथे थांबला. सुभेदार साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

मी नाही सोडला. कपची आली कुठून? बेअरिंग झिजत असणार. इंजिन उघडायला हवं, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, उद्या प्रदर्शन आहे, दुसरी गाडी नाही, आणि गेज तर बरोबर दाखवतोय. त्यांचंही चुकत नव्हतं. मी एकच मागितलं, वर कुणी नको, आम्ही दोघं गाडी चांगली तापवून आणतो, मग ठरवू.

गेजला लांब नळी जोडली आणि तो मांडीवर धरून मी मागे बसलो. काटा पडला तर मी डाव्या खांद्यावर थाप मारायची, त्याने क्लच दाबायचा, म्हणजे चाक इंजिनापासून सुटतं. व्यंकटराव तमिळमध्ये फक्त "सरी" म्हणाला, म्हणजे ठीक.

ग्राउंडवर ऊन मी म्हणत होतं. पहिल्या फेऱ्यांना काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, उगाच बाऊ केला. मग वेग वाढला, आणि काटा थरथरून एकदम खाली आला. मी थाप मारली. त्याने क्लच दाबला, आणि इंजिन खाडकन जाम झालं. चाक मोकळं राहिलं. गाडी तशीच घरंगळत जाऊन थांबली. बराच वेळ दोघांपैकी कुणी उतरलं नाही.

मनोरा रद्द झाला. टीमची पोरं माझ्यावर आठवडाभर फुगून होती. इंजिन उघडल्यावर साहेबांनी बेअरिंग हातात घेऊन पाहिलं, टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला. दोन कप.

पुढच्या वर्षी व्यंकटरावची उत्तरेला बदली झाली, डिस्पॅच रायडर म्हणून. पुढच्या चौकीला निरोप घेऊन जाताना त्याच्यावर दरड कोसळली. चौकीवरून वायरलेस आला होता, "रायडर पोहोचला नाही." एवढंच.

आता मी रिटायर होऊन चेन्नईजवळ ओरगडमच्या कारखान्यात इंजिनं तपासतो. तिथली पोरं विचारतात, साहेब, वॉशर म्हटलं की एवढे का चिडता? मी टाळतो.

व्यंकटरावला अड्यारला घरी आणलं, तेव्हा पेटीला हात देणाऱ्यांत मी होतो. खाली ठेवल्यावर माझा हात पेटीच्या डाव्या कडेवर, खांद्यापाशी, तसाच राहिला. त्याची आई जवळ आली. मला तिने कधी पाहिलं नव्हतं.

"याच्या मागं बसणारा तो तूच की रे?"

"होय, अम्मा."

"मग त्या दिवशी मागं कोण होतं?"

"कोणी नव्हतं, अम्मा. एकटाच होता."

तिने माझा हात पेटीवरून काढला नाही.