पाटील सांगतील तो चेहरा

आमच्या पोलीसपाटलांनी ज्याचं वर्णन केलं, तो माणूस त्याच्या सख्ख्या बायकोलाही ओळखू आला नसता. तीस सालाच्या आसपास किहीमजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. सरकारी कागद पाटलांनी सांगायचे आणि मी लिहायचे. एका कोंबडीचोराचं "नाक सरळ, पण मनातून वाकडं" असं त्यांनी मला लिहायला लावलं. मी अडखळलो, तर म्हणाले, "साहेबाला कळतं, मास्तर. तुम्ही लिहा." त्यावरून फौजदाराने धरून आणला तो पाटलांचा मेहुणा. पाटलांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि माझ्या कानात सांगितलं, "वर्णन अगदीच चुकलं नव्हतं हो."

पुढे एका वादळात कोळीवाड्यातल्या आवडाईच्या एकुलत्या एका मुलाची होडी फुटली. दहा दिवसांनी हरिहरेश्वराहून निरोप आला: किनाऱ्यावर एक तरुण सापडलाय, तापाने बेशुद्ध आहे, तुमच्या हरवलेल्या माणसाचं वर्णन कळवा. पाटलांनी माझ्याकडून दोन ताव भरून घेतले. रंग ओल्या वाळूचा, कपाळ शांत, कान ऐकून घेणारे. उत्तर आलं, "अशी माणसं आमच्याकडे घरटी दोन आहेत. कोणीतरी येऊन पाहा."

पाटलांना होडीत पाय ठेवताच मळमळायचं. तरी ते आवडाईला घेऊन निघाले, मीही गेलो. वाटभर ते एका हाताने काठ धरून ओकत होते आणि दुसऱ्याने तिला धीर देत होते.

देवळाजवळच्या एका घरात तो पोरगा निजला होता. पाटलांनी कागद काढून ताडून पाहिलं आणि ओरडलेच, "कपाळ हाय, कान हाय! आवडाई, समदं जुळतंय गं!"

आवडाई उंबऱ्यातच थांबली होती. "पाटील, ह्यो माजा न्हाय."

मग ती आत गेली, त्याच्या उशाशी बसली आणि पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला. "याची आय येईस्तोवर मी हितंच ऱ्हाते."

आता त्या पोराच्या माणसांसाठी गावोगाव पत्रं धाडायची होती. ओट्यावर मी दौत उघडून बसलो. पाटील म्हणाले, "लिहा. पोरगा तरुण आहे. जिवंत आहे. ज्यांचा कोणी दर्यावरून परतला नसेल, त्यांनी यावं."

"आणि चेहरा?"

"तो त्याची आई बघेल."

आम्हीही तिथेच थांबलो. आठवडाभरात पाच आया येऊन, बघून, परत गेल्या. प्रत्येकीला पाटील वाडीच्या टोकापर्यंत पोचवायला जात. सहावी उंबऱ्यातच मटकन खाली बसली आणि त्याच्या नावाने हाका मारू लागली. आवडाईने तिला हात धरून आत आणलं आणि उशाजवळची आपली जागा दिली.