भत्त्याची मोटार

त्या मोटारीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. मोटार केव्हाच भंगारात गेली, तिच्यावरून भांडणारे आम्ही म्हातारे झालो, पण राग जिथल्या तिथे आहे. तो जावा असं मला वाटतही नाही.

सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही सोलापुरात नवी पेठेच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. माझे यजमान शेतीपंपांच्या एका कंपनीत विक्रीचं काम बघायचे. यजमानांना मी जन्मात नावाने हाक मारली नाही, तेव्हा इथेही 'हे'च म्हणते. जिल्हाभर फिरायचं, पंप विकायचे आणि बंद पडलेल्या पंपांवरून बोलणी खायची, असं ह्यांचं काम. एक दिवस कंपनीचं पत्र आलं. फिरतीसाठी एक तर कंपनीची मोटार घ्या, नाही तर दरमहा रोख भत्ता घ्या आणि स्वतःची मोटार ठेवा. आठ दिवसांत लेखी कळवा. कंपनीच्या मोटारीवर कंपनीचं नाव रंगवलेलं असणार, लॉगबुकात प्रत्येक फेरी लिहावी लागणार आणि बाहेरचं माणूस आत बसवायचं नाही, असा नियम होता.

हे आठवडाभर सल्ले गोळा करत हिंडले. ऑफिसात विचारलं, न्हाव्याला विचारलं, वैरागला जाऊन धाकट्या भावाला विचारलं. मला विचारायचं तेवढं राहिलं. मला नुसतं पत्र लिहायला बसवलं. घरात इंग्रजी बरं येत होतं ते मला. लग्नाआधी मी बी. ए. झाले होते. ह्यांची ऑफिसची सगळी पत्रं माझ्याच अक्षरात जायची. हे सांगायचे, मी लिहायचे आणि हे न वाचता सही ठोकायचे.

मी म्हटलं, "कंपनीचीच घ्या. बिघडली तर त्यांच्या डोक्याला ताप."

"अगं, मग तिच्यात तुझी आई बसवता यायची नाही," हे म्हणाले. "आपली स्वतःची असली की जेऊरला जाऊन त्यांना आणता येईल. डोळ्याचं करायचंय ना त्यांच्या?"

तिथेच मी फसले. जेऊरला आई एकटी असायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चुलीतला जाळ पुढे आलाय की मागे गेलाय हे हात पुढे करून बघायची. मी मुकाट्याने भत्ता मागणारं पत्र लिहिलं. वळणदार अक्षरात लिहिलं, ह्याचा मला आजही संताप येतो.

एक जुनी काळी मोटार घरी आली आणि पहिल्याच रविवारी वैरागला दाखवायला गेली. धाकटे भावजी ट्रॅक्टर चालवायचे, त्यांचा हात मोटारीवरही लगेच बसला. मग जे सुरू झालं ते सुरू झालं. भावजींच्या ओळखीत लग्न निघालं की नवरदेवाला आमची मोटार. एकदा शब्द गेला की तो फिरवायचा नाही, नाही तर भर मांडवात नाक कापलं जातं. झेंडूच्या माळा बांधलेली मोटार चार दिवसांनी परत यायची, सोबत मानाचा टॉवेल, टोपी आणि नारळ. माझी एक ट्रंक नुसत्या टॉवेलांनी भरली. आणि हे? लग्नसराईत हे पंपांचे कागद बगलेत मारून एसटीच्या रांगेत उभे! कंपनी मोटारीचा भत्ता देतेय आणि हा माणूस तिकीट काढून बार्शीला जातोय. मी बोलले की म्हणायचे, "भावाला नाही कसं म्हणू?"

मी जेऊरचं नाव काढलं की भावजी हसायचे. "वैनी, जेऊरला ठेसन हाय की! आमच्या वैरागला काय हाय?" ह्यावर हेही मान डोलवायचे. दीड वर्षात ती मोटार कुठे कुठे गेली, पण जेऊरला एकदाही गेली नाही.

शेवटी आई पॅसेंजरने आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवडाभर ती दवाखान्यात उताणी पडून होती. घरी नेताना हिसके बसू देऊ नका, गर्दीत नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. ह्यांनी आईच्या उशाशी उभं राहून सांगितलं, "मी स्वतः मोटारीने सोडतो तुम्हाला." आईने गावाकडच्या एका माणसाकरवी लगेच निरोप धाडला, मी जावईबापूंच्या मोटारीतनं येतेय म्हणून.

आदल्या संध्याकाळी भावजी दारात. जाऊबाईंच्या चुलतभावाच्या मेव्हण्याचं लग्न. "नवरदेवाला गाडी कबूल केलीया, वैनी. आता न्हाय म्हनलं तर तोंड कुटं दाखवू?" मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खुंटीवरची किल्ली काढून दिली. एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी कदाचित माफही केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आईला पॅसेंजरने घेऊन गेले. कुणीतरी उठून जागा दिली. तिच्या मानेखाली मी त्याच ट्रंकेतले दोन टॉवेल घड्या करून ठेवले. डब्यात कुणाचा धक्का लागला की ती पट्टीवर हात धरायची. मी लोकांवर खेकसत होते, आणि खेकसायचं होतं कुणावर ते मला चांगलं ठाऊक होतं.

जेऊरला उतरल्यावर आई म्हणाली, "पोरी, मागच्या बोळातनं जाऊ."

"का गं?"

"म्होरं बाया उभ्या असतील. मोटारीची वाट बघत."

खरंच उभ्या होत्या. बोळाच्या तोंडातून मला दिसल्या. आळीतल्या पाच-सहा बायका मोटार येण्याच्या रस्त्याला तोंड करून, हातात तांब्या आणि ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेऊन. आम्ही त्यांच्या पाठीमागून गेलो. आईने माझा हात घट्ट धरला होता. घरात शिरल्यावर म्हणाली, "जावईबापूंना काई बोलू नगंस. काम निगालं आसंल त्येंचं." मी चुलीजवळ बसून रडले, रागानेच.

पुढच्या वर्षी कंपनीचं पुन्हा तसंच पत्र आलं. हे दाढी करता करता म्हणाले, "मागच्यासारखंच लिही." मी कंपनीची मोटार मागितली. सही झाली. महिन्याभराने कंपनीचं नाव रंगवलेली मोटार दारात उभी राहिली आणि हे पत्राची नक्कल घेऊन माझ्यासमोर आले.

"हे काय लिहिलंस?"

"सही तुमचीच आहे ना?"

भत्ता बंद झाला. जुनी मोटार ह्यांना विकावी लागली. पुढच्या लग्नसराईत भावजी किल्ली मागायला आले. मी लॉगबुक त्यांच्या पुढ्यात ठेवलं. बाहेरचं माणूस बसवायचं नाही.

"आमी बाहेरचे व्हय?" भावजी चिडले. "नवरदेव वैरागला जायचा कसा?"

"वैरागला एसटी आहे की," मी म्हटलं.

हे वाक्य मी दीड वर्ष तोंडात धरून ठेवलं होतं. म्हणून टाकलं तेव्हा फार गोड लागलं. पण त्या मोटारीत आईही बसणार नव्हती, हे पत्र लिहितानाच मला ठाऊक होतं.

पुढे आईचा दुसरा डोळाही केला. परतताना पुन्हा पॅसेंजरच. जेऊरला उतरून मी सवयीने मागच्या बोळाकडे वळले, तर तिने मला थांबवलं.

"म्होरनंच चल," म्हणाली. "ह्या टायमाला कुणाला सांगितलंच न्हाय मी."