लेकी, सुना आणि माझा गुडघा

आमच्या वाडीची सत्यनारायणाची पूजा मे महिन्यात असते. पूजा कसली, सगळ्यांचा जीव अडकलेला असतो तो दुपारच्या कबड्डीत. लेकी विरुद्ध सुना. वाडीत जन्मून बाहेर दिलेल्या त्या लेकी, बाहेरून वाडीत आलेल्या त्या सुना. वाडीतल्या कुठल्याही पोराला विचारा, बोट दाखवून सांगेल, ही लेक, ही सून. माझ्यापाशी आलं की मात्र त्याचं बोट अडखळेल.

मी या वाडीची लेक. दापोलीला दिली होती. नवऱ्यानं मुंबईत दुसरं घर केलं, ते मला सगळ्यांत शेवटी कळलं, आणि कळल्यावर मी बॅग भरून माहेरी आले. तेव्हापासून इथंच आहे. रोज एसटीनं रत्नागिरीत जाते, एका मेडिकलच्या दुकानात काउंटरला उभी राहते, संध्याकाळी परत येते. केलं त्यानं, आणि मान खाली घालून चालते मी. हे उफराटं आहे हे मला कळत नाही असं नाही. दुकानात कोणी वेडंवाकडं बोललं तर त्याला तिथल्या तिथं सरळ करणारी बाई आहे मी. पण वाडीत पाऊल पडलं की लाज वाटते ती वाटतेच.

आता ओटीचं सांगायला हवं. सामन्याआधी प्रत्येक लेकीची ओटी तिच्या माहेरच्या दारात भरतात, आणि ती भरायची तिच्या वहिनीनं. म्हणजे बघा, वहिनी सुनांच्या बाजूची. जिला थोड्या वेळानं मातीत लोळवायचं, तिच्याच पदरात आधी तांदूळ-नारळ घालायचे. मग ती ओटी सांभाळत लेक वाजतगाजत सहाणेवर जाते. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा, त्याच्यासमोरच आमचं मैदान. तिथं नारळ देवापुढे ठेवायचा आणि मैदानात उतरायचं. ओटीशिवाय लेक खेळत नाही, हा नियम कोणी केला ठाऊक नाही, पण तो आजवर कोणी मोडलेला नाही.

परत आल्यापासून माझी ओटी कोणी भरलेली नाही. भरणार तरी कशी? ओटी जाणारीची भरतात, मी जातच नाही. शिवाय सवाष्ण म्हणावं तर नवरा दुसरीचा, नाही म्हणावं तर जिवंत आहे मेला, चांगला धडधाकट.

आजवर निभावलं, कारण पूजा आडवारी यायची. मी सकाळची एसटी पकडून दुकानात पसार व्हायचे, परत येईपर्यंत महाप्रसादाची भांडीसुद्धा घासून झालेली असायची. ही भांडी हरलेल्या बाजूनं घासायची अशी पैज असते. सुना हरल्या की त्यात विशेष काय, एरवीही त्याच घासतात. पण लेकी हरल्या की वाडीत दिवाळी. मुंबईच्या लेकी नखं सांभाळत टोप घासतात आणि सुना सहाणेवर पाय सोडून बसून “तिकडं राख लाव गो, तळाला” म्हणून हुकूम सोडतात. या वर्षी मात्र पूजा नेमकी रविवारी आली आणि रविवारी आमचं दुकान बंद.

आठवडाभर आधी समाजमंदिरात बायकांची सभा झाली. गुहागरला दिलेली माझी चुलतबहीण लेकींची कॅप्टन. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय, एका संघातून शाळेची कबड्डी खेळलोय. ती उठून म्हणाली, “आमच्या सात जणी झाल्या हो.” बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पंख्याकडे बघत होती. सुनांच्याही सात झाल्या. माझी काकू महिला मंडळाची अध्यक्ष. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली आणि एकदम अडचण सुटल्यासारखा तिचा चेहरा उजळला.

“तूच पंच हो गो. तुला काय, दोन्हीकडचं काय नाय.”

चांगल्या मनानं म्हणाली, देवाशप्पथ. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तरी “हां, ही कोणाची बाजू नाय घेणार” असंही म्हणालं. आणि मी, जिच्या तोंडाला तोंड देताना भले भले मागे सरतात ती मी, मेल्याहून मेल्यासारखी उभी राहिले. कानशिलं तापली. काही तरी बोलायला हवं म्हणून तोंडातून निघालं, “माझा गुडघा दुखतोय.”

“आता गो कधीपासून?” काकूनं विचारलं.

“झाले बरेच दिवस,” मी म्हटलं आणि लंगडत बाहेर पडले. लंगडणं तिथंच सुरू झालं, समाजमंदिराच्या पायरीवर.

खोटं बोलणं सोपं, ते पायानं निभावणं कठीण. दुसऱ्या दिवशी मी आमच्याच दुकानातून नीकॅप आणली आणि डाव्या गुडघ्यावर चढवली. झालं, अख्खी वाडी उपचाराला धावली. कोणी निर्गुडीचा पाला आणून दिला, कोणी मुंबईहून आणलेला स्प्रे. काकू स्वतः शेकायला तापवलेली विटकर घेऊन आली. माझ्या नवऱ्याबद्दल इतक्या वर्षांत एकीनं धड विचारपूस केली नव्हती, पण गुडघ्याची चौकशी दिवसातून दहादा. “कसं आहे गो आता?” “जरा बरं आहे.” लाज वाटायची. वाटायचं, ओरडून सांगावं, बायांनो, गुडघ्याला काही झालेलं नाही, मला तुम्ही कुठंच उभं केलं नाहीत म्हणून दुखतंय. पण शेक घेतला मुकाट्यानं.

तोवर वाडीला सामन्याचा ज्वर चढला होता. लेकींचे जांभळे टी-शर्ट आले, सुनांचे पिवळे. पुरुषांनी मैदानावर पाणी मारून माती चोपली. पहिल्या दिवशी सराव केल्यावर मुंबईच्या लेकींना ओसरीवरून खाली उतरता येईना, तर सुना मुद्दाम त्यांच्या अंगणावरून घागरी घेऊन टुणटुणत गेल्या. “लिफ्ट लावून देऊ काय गो?” लेकीही काही कमी नाहीत. त्यांनी आतूनच सुनावलं, “भांड्यांसाठी काथ्या आणून ठेवलात ना?” लेकींचा व्हॉट्सअॅप ग्रुप वेगळा, सुनांचा वेगळा, दोन्हीकडे रात्रंदिवस टोमणे. माझा फोन तेवढा शांत. घरात वहिनीचा फोन वाजला की ती तो उलटा करून ठेवायची. माझ्यापासून डावपेच लपवत होती की मला वाईट वाटू नये म्हणून, तेव्हा मला कळलं नाही.

वहिनीचं आणि माझं वैर नाही, पण गोडवाही नाही. दूध कोणी उतू घातलं, मोटर कोणी चालू ठेवली, यावरून आमची धुसफूस चालते. त्यामुळे पूजेच्या आदल्या दुपारी, मी दुकानातून अर्धी रजा घेऊन आले होते तेव्हा, ती मागीलदारी आली आणि “मला चढाई शिकव गो” म्हणाली, तेव्हा मी दोरीवरचे कपडे काढता काढता थांबलेच. शाळेत असताना मी जिल्ह्याच्या संघात होते. तेव्हाचा कप अजून फळीवर आहे, त्यात आई बटणं ठेवते.

“लेकींविरुद्ध शिकवू?” मी म्हटलं.

मला भीती होती, ती म्हणेल, “मग काय? तुला तर दोन्हीकडचं काय नाय.” पण ती म्हणाली, “गेल्या वर्षी पहिल्याच चढाईत तुझ्या चुलतबहिणीनं माझा पाय धरला. पोरं अजून हसतात मला.”

तिची चूक मला एका फेरीत दिसली. जिला टिपायचं तिच्याकडेच ती टक लावून बघायची. “अगो, नजर एकीकडे ठेवायची आणि पाय दुसरीकडे टाकायचा! तू काय एसटीची पाटी वाचतेस?” मी करवादले आणि हातातले कपडे फणसाच्या फांदीवर टाकून स्वतःच चढाईला घुसले. डावा पाय लांबवला, वळले, तिच्या घोट्याला टिपलं, उडी मारून मागे आले. पुन्हा गेले. दम कसा धरायचा, पकड बसली तरी रेषेकडे हात कसा फेकायचा, सगळं दाखवलं. किती तरी वर्षांनी अंगात वारं भरलं होतं. वहिनी हसत होती, मी हसत होते, आणि मग माझी नजर विहिरीकडे गेली. तिथं आई कळशी धरून उभी होती.

मी तशीच एका पायावर थांबले. आईनं कळशी कडेला घेतली आणि आत गेली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

दिवेलागणीला ती खोबरेल कोमट करून माझ्यापाशी येऊन बसली. गेले चार-पाच दिवस ती तेल लावायची. मला वाटलं, आता बोलेल. तिनं विचारलं, “कुठला गो दुखतो?”

मी गोंधळले. “उजवा,” म्हणाले.

नीकॅप डाव्यावर होती. आईनं ती हळूच काढली, घडी घालून बाजूला ठेवली, आणि उजव्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं. नेहमीसारखं, वाटीखालून गोल गोल, जरासुद्धा घाई नाही. तिच्या बोटांना कळत होतं, मला कळत होतं. तिच्या अंगठ्याची भेग टोचत होती आणि माझ्यानं वर बघवत नव्हतं. या वयात आईला खोट्या दुखण्याला तेल चोळायला लावलं मी. तेल संपल्यावर ती म्हणाली, “उद्या लवकर उठ. नारळ सोलायचेत.”

पूजेच्या दिवशी दुपारी मी चुलीपुढे विळीवर बसून खोबरं खवत होते. अंगात मॅक्सी, केसांत खोबऱ्याचा कीस. बाहेर वरच्या घरापासून ढोल सुरू झाला. ज्या दारात लेकीची ओटी भरतात तिथं ढोलवाले थांबून वाजवतात, मग लेक पुढे निघते आणि ढोल खालच्या घराकडे सरकतो. आमचं घर मध्यावर. आमच्यासमोर आले की ते ढोल बंद करतात. कोणी सांगितलेलं नाही त्यांना. आपल्या आपण, माझी आब राखायची म्हणून, गुपचूप चालत पुढे जातात आणि खालच्या दारात पुन्हा वाजवायला लागतात. मी दुकानात असायचे तेव्हा हे मला माहीत नव्हतं, वाडीतल्या एका पोरीनं बोलता बोलता सांगितलं. तेव्हापासून मला शिवी परवडेल पण ती शांतता नको असं झालंय.

शेजारच्या दारातला ढोल संपला. मग आमच्या दारासमोर तो बंद पडला. मी विळीवर नारळ जोरजोरात फिरवला, खालच्या घरचा आवाज येण्याची वाट बघत. आवाज येईना. लोकांची कुजबुज तेवढी ऐकू येत होती, हललं कोणीच नव्हतं.

“वन्सं, बाहेर या. ढोलवाल्यांना ऊन लागतंय.”

वहिनी. एरवी मला अगंतुगं करणारी. मी दारात गेले तर अंगणात पिवळा टी-शर्ट, ट्रॅकपँट, कपाळाला मळवट म्हणावा इतकं कुंकू अशी ती ताट घेऊन उभी. ताटात तांदूळ, नारळ, सुपारी, खण, आणि खणाखाली घडी घातलेला जांभळा टी-शर्ट. तिच्यामागे वरच्या घरांतल्या सगळ्या लेकी आपापल्या ओट्या धरून उभ्या. चुलतबहीण या वेळी माझ्याकडे बघत होती. “आठवी, राखीव,” ती हळूच म्हणाली. “माझं चुकलं गो.”

“माझा गुडघा...” मी सुरुवात केली.

“कुठला?” वहिनीनं विचारलं.

मला खरंच आठवेना. अंगणात कोणी तरी फिस्सकन हसलं. लाजेनं माझी मान वर होईना.

“पदर कुठाय तुमचा?” वहिनी म्हणाली. मॅक्सीला कुठला पदर! तेवढ्यात आईनं दोरीवरची ओढणी ओढून माझ्या खांद्यावर टाकली, टोकं माझ्या हातात दिली. वहिनीनं मला कुंकू लावलं, ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला. “कालचं सगळं विसरा हां. मला पकडलंत तर बघा,” ती पुटपुटली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चारचौघांत, खोबरं माखलेल्या तोंडानं. त्याचीही लाज वाटली.

ओटीतले चिमूटभर तांदूळ मी रीतीप्रमाणे ताटात परत ठेवले आणि उंबऱ्याबाहेर पडले.

“येते म्हण की गो,” आई म्हणाली.

घर सोडून जाणारी लेक म्हणते ते. मी म्हटलं, “येते.”

“ये,” आई म्हणाली, जशी मी रोजच येत-जात असते.

ढोल दणक्यात सुरू झाला. मी लेकींच्या घोळक्यातून निघाले. जरा पुढे गेल्यावर दिसलं, वाटेच्या कडेला काकू उभी आहे, तोंडात पंचाची शिट्टी, आणि टक लावून माझ्या पायांकडे बघतेय. मी ताठ, ताडताड चालत होते. विटकर आठवली, पाला आठवला. अशी काही लाज वाटली की मी तिथल्या तिथं पुन्हा लंगडायला लागले.

आणि मागून, आमच्या उंबऱ्यावरून, ढोलाच्याही वर आईचा आवाज आला, “अगो बाय, तो नाय, दुसरा!”

सगळी वाडी हसली. काकूची शिट्टी तोंडातून पडली. मी तोंड लपवायला गेले, तर दोन्ही हात ओटीत अडकलेले.