वडिलांनी ओळखलेलं नाणं

वडील एसटीत कंडक्टर होते. गळ्यातल्या चामडी पिशवीत सुट्ट्या पैशांबरोबर कधी एखादं जुनं नाणं यायचं. आपल्या खिशातला रुपया पिशवीत टाकून ते नाणं घरी आणायचे आणि जेवताना त्याची हकीकत सांगायचे. बोलायला त्यांना फार आवडे.

मागल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, दुखत असलं तरी बरं. मी राहुरीची नोकरी सोडून जामखेडला आईच्या मदतीला आले.

एकदा बाजारातून मेथी, वांगी घेऊन आले आणि उरलेली चिल्लर ताटलीत ओतली. त्यात एक काळपट, जाड चकती निघाली.

"रुपयाऐवजी नळाचा वायसर दिलाय तुला कुणीतरी," आई म्हणाली.

चिंचेनं घासल्यावर तांबं दिसलं आणि त्यावर वेलांटीसारखी अक्षरं. खुर्चीतून वडिलांनी डावा हात पुढं केला. नाणं अंगठ्यानं चाचपलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

"बरं! बरं... ब..."

"शिवराई आहे का, अण्णा?"

मान हलली. नाही.

"निजामशाहीतलं?"

हो. मग लगेच नाही. मी पुन्हा विचारलं, पुन्हा हो. मोगलांचं का म्हटलं, तरी हो. त्यांचा होकार कुठला आणि नकार कुठला, हेच मला कळेना. पाटी-पेन्सिल दिली, तर डाव्या हातानं नुसत्या रेघा उमटल्या. त्या रेघांकडं ते बघत राहिले. मग पाटी ढकलून दिली आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"बास कर गं," आई म्हणाली. "त्यांची परीक्षा नगं घेऊ."

पुढच्या आठवड्यात त्यांना दाखवायला नगरला नेलं. दवाखान्यातून निघाल्यावर त्यांना आणि आईला भाड्याच्या गाडीत बसवून जुनी नाणी विकणाऱ्या एका दुकानात मी एकटीच गेले. दुकानदारानं भिंग लावलं. "निजामशाहीचा पैसा. आपल्या भागात सापडतात. हा फार झिजलाय."

मी धावतच गाडीशी आले. "अण्णा, निजामशाहीचा आहे! बरोबर ना?"

त्यांनी नाणं घेतलं, मुठीत धरलं आणि मान जोरात हलवली. नाही. मग गाडी सुरू झाल्यावर ते बोलू लागले. त्या एकाच शब्दात, पण आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच थांबत होता, एकदा तर हसलेसुद्धा. कुणाची तरी मोठी हकीकत चालली होती. कुठल्या गाडीतली, कुणी दिलेल्या नाण्याची, कोण जाणे. आई "व्हय, व्हय" करत त्यांच्या मांडीवरची शाल सारखी करत होती.

आष्टी मागं पडल्यावर ते थांबले. माझ्याकडं वळून बघायला लागले. काहीतरी विचारलं होतं त्यांनी, आणि उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, "हो."

त्यांनी तोंड फिरवलं आणि काचेबाहेर बघत बसले.