उशाशी नको

बंदुकीच्या तेलाचा वास मला कधी एकटा आठवत नाही; त्याच्यासोबत मोसंबीच्या सालीचा कडवट, हिरवा दरवळ येतोच. दुनळी बंदूक पुसून झाली की उस्ताद साल तळहातांवर चोळत, हात हुंगत आणि म्हणत, "आता चहाला बसायला हरकत न्हाई."

पोलिसांच्या शस्त्रागारात उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. घर जुन्या जालन्यात, घरची बोली उर्दू. शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर ते परवान्यासाठी आलेल्यांना शिकवत. त्यांच्या सहीच्या प्रमाणपत्राशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. काही माणसं आवाज न चढवता अख्खं मैदान ताब्यात ठेवतात. तुम्हीही पाहिली असतील.

मी तिथे गेले ती भीतीने. वडील गेल्यावर आष्टीजवळच्या शेतातल्या घरात आई आणि मी दोघीच उरलो होतो. मी शाळेत मराठी शिकवते; दिवस मुलांत जाई, अंधार पडला की कान दाराशी लागत. आसपासच्या दोन वस्त्यांवर चोरटे येऊन गेले होते, एका म्हाताऱ्याचा हात मोडला होता. वडिलांची बंदूक ठाण्यात जमा होती. ती माझ्या नावावर व्हावी, एवढंच मला हवं होतं, आणि लवकर.

"जल्दी कशाची, बाई?" उस्ताद विचारत.

पहिले चार दिवस काडतूस दृष्टीलाही पडलं नाही. बंदूक उघडायची, नळ्यांतून आकाशाचे दोन गोल तुकडे पाहायचे, बोटाने चाचपायचं, मग समोरच्याला दाखवायचं. एकदा मी कंटाळून म्हणाले, "आत्ताच तर पाहिली. रिकामी आहे."

"तुम्ही पाह्यली. मी कुठं पाह्यली?"

भोकरदनचा एक धिप्पाड बागायतदार फिसकन हसला. त्याच्याकडे न वळताच उस्ताद म्हणाले, "पाटील, हसून राह्यले ते ठीक. बोट चापावरून काढा अगोदर."

परीक्षेला माझे पाचही नेम बसले. खांदा ठणकत होता, पण आत उजेड पडला होता. उस्तादांनी पेन उघडलं आणि सहज विचारलं, "घरी ठेवणार कुठं?"

"उशाशी."

पेनाला टोपण बसलं.

"आई पहाटे उठून अंगणात फिरतात, म्हणाल्ता ना? घर, माणसं विसरतात?"

चहा पिताना कधीतरी मीच सांगितलं होतं.

"मंग झोपेतून उठून, अंधारात, कोणावर रोखाल?"

सही झाली नाही.

रविवारी ते एसटीने आमच्या घरी आले. वडिलांचे जुने स्नेही समजून आईने त्यांना दोनदा पाणी दिलं. दोन्ही वेळा ते प्यायले. कपाटाचं कुलूप, काडतुसांची वेगळी पेटी, अंगणातला दिवा, सगळ्यांच्या जागा त्यांनी ठरवल्या. मग आईला अंगणात उभं केलं, मला खाटेवर निजवलं.

"आधी दिवा. मंग आवाज. कोण ते कळल्याबिगर किल्लीला हात न्हाई."

"कोण आहे?" मी पुटपुटले.

"कवितेचा तास न्हाई हा, बाई. आवाज शेजारच्या वस्तीवर जाऊ द्या."

पाचव्या खेपेला बांधापलीकडून शेजारी खरोखरच काठी घेऊन धावत आले. उस्ताद समाधानाने म्हणाले, "बघा. माणसं येतात."

आई मात्र गप्प उभी होती. आपल्यालाच विचारलं आहे, हे तिला उमगत नव्हतं.

"रोज करा," ते म्हणाले. "शिकवणी त्यांची बी हाय."

महिन्याने त्यांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी नेम पाहिलाच नाही. "उत्तर न्हाई आलं तर?"

"कपाट बंद. शेजारी हाक."

तेव्हा सही झाली.

उस्ताद गेल्या हिवाळ्यात गेले. जनाजा निघाला त्या गल्लीत मीही कडेला उभी होते. पाटील शेजारी होते, हात जोडून.

परवा पहाटे अंगणात पाऊल वाजलं. मी दिवा लावला. कपाटाची किल्ली खुंटीवरच होती. पोटातून आवाज काढून मी विचारलं, "कोण आहे?"

वाळल्या तुरीच्या शेंगा तेवढ्या खुळखुळल्या. मग दाराच्या फटीतून, हजेरी देणाऱ्या मुलीसारखी, आई म्हणाली,

"मी."