नारळ आधी, पाणी नंतर

पडदा वर जावा तसं धुकं सरलं आणि तापीकाठी नव्या डांबराने चकाकणारी एक जुनी नाव दिसली. जीवराम भोई तिच्यावर भाळलाच. वर्षापूर्वी आपली नाव विकल्यापासून त्याची मासेमारी बंद होती. नावेवर नारळ फुटला की सौदा पक्का, ही काठाची रीत.

"नाना, आधी पाण्यात घालून बघा," विकणारा कादर म्हणाला.

"भोयाला नाव शिकवतो का रे?" म्हणत जीवरामने नारळ फोडला.

ऐन धारेत तळातून पाणी उसळलं. नाव कशीबशी काठाला लावून त्याने डांबर खरवडलं. खाली पत्र्याचं ठिगळ, त्यावर त्याच्याच हातचे वाकडे खिळे!

धावत आलेल्या बायकोला तो घरच्या अहिराणीत एवढंच म्हणाला, "बेबा, हाई ते मीच इकेल नाव शे!"