मुक्या फितीतला उखाणा

बायकोचं ऐकावं, हे शहाणपण मला फार उशिरा सुचलं. तेव्हा निजामाचं राज्य होतं, मी ऐन उमेदीत होतो आणि आपल्या गावाचा माहितीपट काढायचाच, असं खूळ डोक्यात शिरलं होतं. सोलापूरच्या थिएटरात दोन वर्षं सिनेमाचं मशीन चालवलेलं, त्यामुळं स्वतःला मी मोठा जाणकार समजत होतो. निजामाच्या हद्दीतल्या वाशीच्या बाजूला आमचं गाव. पेरणीपासून रास घरी येईपर्यंत ज्वारीचं सगळं टिपायचं ठरलं.

सोलापुरात जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दोन यंत्रं होती. एक चावीचा कॅमेरा, आणि दुसरं आवाज तबकडीवर कोरून घेणारं, ट्रंकेएवढं. ऐपत एकाचीच. दुकानदार म्हणाला, "बोलून तर बघा मालक." मी बोललो. तबकडी फिरली आणि त्यातून माझाच आवाज बाहेर आला, बैलांवर खेकसल्यासारखा. अशी लाज वाटली म्हणून सांगू! विचार करून येतो म्हणालो आणि घर गाठलं.

बायको भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवाजाचं घ्या. माणूस डोळं मिटलं तरी दिसतंय. आवाज न्हाय ऱ्हात."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. लई शहाणा ना मी!

कॅमेरा घेतला. परत येताना निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायानं भिंगाला डोळा लावला आणि म्हणाला, "इसमें तो कुछ बी नै दिखता मियाँ." मी त्याच्यावर हसलो. हसायला काय जातंय!

सुगीत खळ्यावर कॅमेरा लावला. बायका ज्वारी उफणत होत्या. माझी वहिनी माझ्या बायकोला म्हणाली, "नुसती उभी काय ऱ्हातीस गं? नाव घे की!" आमच्याकडं बायको एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. घ्यायचं ते उखाण्यात, चार माणसांत. आमच्या लग्नात तिनं घेतलं, पण ताशांच्या दणक्यात मला ऐकूच आलं नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, सरळ माझ्याकडं बघितलं आणि उखाणा घेतला. बायका हसून लोटपोट झाल्या. माझा कान कॅमेऱ्याला चिकटलेला, त्याच्या घरघरीत मला एक अक्षर कळलं नाही.

न्याहारीला बसल्यावर विचारलं, "काय घेतलंस गं?"

"त्या डब्याला इचारा की! आवाजाचं घ्या म्हणलं व्हतं म्या." आणि पुन्हा हसत सुटली.

म्हटलं, घेईल पुन्हा. जातीय कुठं?

गेली. पुढच्याच पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत गेली. दिवसकार्य झाल्यावर वहिनीला विचारलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. "भावजी, हसायच्या नादात ध्यानात न्हाय ऱ्हायलं हो. जवारीच्या राशीचं कायतरी व्हतं."

माहितीपट तसाच राहिला. एवढी एक फीत मात्र मी जपली. अधूनमधून दुपारी खिडक्या लावून घेतो आणि भिंतीवर धोतर टांगून ती चालवतो. तिचा चेहरा मला फितीशिवायही दिसतो, ती म्हणाली होती ते खरंच होतं. आवाज मात्र गेला. बारीक होता की भरदार, तेही आता मला शपथेवर सांगता यायचं नाही. कुणाचा जीव आवाजासाठी एवढा तुटतो, हे मला आधी माहीतच नव्हतं.

उखाणा ओठांवरून लागत नाही. किती वेळा बघितला असेल! शेवटी माझं नाव आहे, तेवढं कळतं. तिथं तिचे ओठ हलले की मी माझं नाव मोठ्यानं म्हणतो. आवाज तोच निघतो, बैलांवर खेकसल्यासारखा.